फाट्यावरचं भरीत

८ ऑक्टोबर २०१७, रविवार

ही डायरी बियाण्याच्या दुकानातून फुकट आली. वर कापसाच्या बोंडाचं चित्र आहे. एवढं मोठं बोंड मी जन्मात पाह्यलं नाही. सून अनुपमा म्हणे, "आई, तुम्ही दिवसभर कोणाला ना कोणाला बोलता. ह्याच्यात बोला, घरात शांतता राहील." बारावी शिकली म्हणून लय तोंड चालते तिचं. मी चौथी शिकली, पण अक्षर माह्यं तिच्याहून सुबक आहे. ते दाखवायलेच लिहून राह्यली.

काल अर्जुनराव दारात आला. "भामाबाई, पऱ्हाटी फुटली. बाया पाठवा."

पहिले आम्ही याच्या बापाच्या दारात उभ्या राहत होतो. आता वेचणारीण मिळत नाही म्हणून हे आमच्या दारात येतात. गावातल्या बाया कोणाच्या वावरात जातीन ते मी ठरवते. मी म्हटलं, "गाडीचं भाडं तुमचं. आन एक वेचा झाला की बायाइले बाहेर जेवायले न्याचं. दरवेळी नव्या जागी."

"हे कापूस वेचणं हाय का सहल?"

"तुमच्या घरच्या बाया वेचत असतीन तर सहल नको."

 त्याच्या घरच्या बायाइले ऊन लागते.

हा नियम माहा आहे. आम्ही जन्मभर दुसऱ्याच्या वावरात धुऱ्यावर, बांधावर बसून कोरडी भाकर खाल्ली. खुर्चीवर बसवून आम्हाले कोणी वाढलं नाही, काय पाहिजे म्हणून विचारलं नाही. अर्जुनराव हो म्हणाला. मग आज सकाळीच वावरात सीतादही केलं, पहिल्या वेच्याच्या दिवशी करतात तसं. पऱ्हाटीखाली दही-भात ठेवला आन कामाले लागलो. माह्या बाजूच्या तासात, म्हणजे ओळीत, सलीमा. मी लग्न होऊन या देऊळघाट गावात आली तेव्हापासून माह्या बाजूले तीच असते. दुसरी कोणी चालत नाही मले. अन्नपूर्णी अर्धा कापूस बोंडातच ठेवते आन बोलत राहते.

१६ ऑक्टोबर, सोमवार

पहिला वेचा झाला. काल खामगावले गेलो. गाडी सलीमाच्या नवऱ्याची, शकूरची काळीपिवळी. मी पुढं बसली, बाकीच्या मागं कोंबून. बोथ्याच्या घाटात अन्नपूर्णी ओकली. तिले म्हटलं, खाऊन आल्यावर ओकली असती तर समजलं असतं, तू तर रिकाम्या पोटी ओकते.

हॉटेल नवीन होतं. दारात माणूस उभा, डोक्यावर फेटा, आम्हाले नमस्कार करे. मी विचारलं, "तुह्या घरी लग्न हाय का बापू?" तो हसला नाही. आत गारठा एवढा की तानुबाईनं पदर कानाले बांधला. भाजीत काजू टाकले होते. गरिबाले फसवायचं असलं की काजू टाकतात. वांग्याचं भरीत मागवलं तर त्याच्यात टमाटे आन साखर. साखर! मी पोराले बोलावून म्हटलं, "हे परत ने, आन आजारी माणसाले दे."

सलीमा उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. वांगं गॅसवर भाजता का कोळशावर, तेल कोणतं, असं विचारत होती. आचारी तिच्याशी हसून बोलला. मले आवडलं नाही. आल्यावर म्हणे, "असं भरीत खाऊ घालून लोक पैसे घेतात. याच्याहून चांगलं तर मी करून देईन."

मी म्हटलं, "निघाली हॉटेलवाली! तुह्या दाळीत दाणा पायले दिवा लावा लागते, आन तू हॉटेल टाकशीन!"

सगळ्या बाया एवढ्या हसल्या की तो फेटेवाला आत डोकावून गेला. सलीमाबी हसली. येताना ती एक शब्द बोलली नाही. घाटात तिलेबी गाडी लागत असन.

३० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी झाली. अर्जुनरावच्या वावरात बोंड उघडलं की आत गुलाबी अळी निघते. बीटी बियाण्याले अळी लागत नाही म्हणून दुकानदार सांगत होता. या डायरीच्या पानापानावरबी तेच छापलं आहे. अर्जुनराव रोज एक बोंड फोडते, पाहते आन खिशात टाकते. मी म्हटलं, घरी नेऊन काय लोणचं घालता का?

कापूस हलका आहे. दिवसभर वेचून ओटी भरत नाही, आन वजनावर मजुरी. फवारणीची खाज हाताले उठते ती वेगळी. बाया कुरकुर करतात. मी म्हटलं, हा वेचा झाला की घाटाखालच्या ढाब्यावर जाऊ. मग गप झाल्या.

१२ नोव्हेंबर, रविवार

राजूर घाटाखालचा नवा ढाबा. बाहेर लाइटीच्या माळा, बाजा टाकलेल्या, एक बैलगाडी रंगवून उभी केलेली. बैल नाही. लोक त्या गाडीत बसून फोटो काढतात. आपल्या घरची बैलगाडी विकून इथं येतात आन फोटो काढतात. अशी अक्कल.

ज्वारीची भाकर मागवली. अर्ध्या तासानं आली, तीबी मशीनची, गोल अशी की परकारानं काढली. मधात कच्ची. मी मालकाले हाक मारली. गळ्यात साखळी घातलेला पोट्टा आला. "काय झालं मॅडम?"

"ही भाकर कोणी केली?"

"आमचा कुक आहे, बिहारचा."

"त्याले म्हणा, गावी जाय आन मायजवळून शिकून ये. आन त्याच्या मायले ज्वारी माहीत नसन तर तू जाय तुह्या मायजवळ."

बाजूच्या बाजेवरचे लोक हसले. पोट्ट्यानं भाकरीचे पैसे घेतले नाही. मी जिंकून बसली, पण सलीमा जागेवर नव्हती. मागं जाऊन त्या बिहारी पोराजवळ उभी. पीठ किती लागते, दुपारी गर्दी जास्त का संध्याकाळी, सरपण कुठून आणता. आन त्या कच्च्या भाकरीचा तुकडा तिनं ओढणीत बांधून घेतला!

मी म्हटलं, "हे कायले? शकूरले उपाशी ठेवते का?"

"पायले."

"भाकर कधी पाह्यली नाही का तू?"

"अशी नाही पाह्यली. कोठं बिघडली ते घरी पाहीन."

हॉटेलवाल्या लोकाइच्या मागं लागली की बाई अशी होते. आजकाल ती मले जागा ठरवू देत नाही. मागच्या वेळी म्हणे, चिखलीच्या रस्त्यावर जाऊ, तिथं ट्रकवाले जेवतात. आम्ही काय ट्रकवाल्या आहो?

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सलीमा आली नाही. कालबी नव्हती. निरोप नाही. माह्या बाजूच्या तासात अन्नपूर्णी घातली. डोकं उठवलं तिनं.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज समजलं. अन्नपूर्णी ओटी खाली करता करता म्हणे, "सलीमाबीच्या हॉटेलाचं टीन टाकून झालं. परवा चूल बसवली."

मी विचारलं, कोणतं हॉटेल?

ती माह्या तोंडाकडं पाहतच राहिली. "तुले माहीत नाई? फाट्यावर. बुलडाण्याच्या रस्त्याले. मले भाकरी थापायले बोलावलं तिनं."

अन्नपूर्णीले माहीत. तानुबाईले माहीत. अर्जुनरावले माहीत, त्यानं टीनाखाली लावायले लाकडाच्या बल्ल्या दिल्या. मलेच माहीत नाही. मी वजन न करता तशीच निघाली आन सलीमाच्या दारात गेली. ती वांगे निवडत बसली होती.

"काऊन वं, हॉटेल टाकून राह्यली म्हणे?"

"हाव."

"आन मले अन्नपूर्णीच्या तोंडून समजा लागते?"

"तुले सांगणारच होती."

"कधी? पत्रिका छापून?"

तिनं वांगं खाली ठेवलं. "भामा, पऱ्हाटीत काई राह्यलं नाई. बोंडं फुटत नाई, सारी वाळून टणक कवडी होऊन राह्यली. तूबी रोज पायते. संक्रांतीले काय वेचशीन? शकूरची गाडीबी रिकामी फिरते. भाकर, भरीत, ठेचा. एवढंच ठेवणार हाय. रस्त्यानं लोक जातात."

"लोक जातात, थांबत नाई. तुह्या हातचं कोण खाईन? ही अन्नपूर्णी तुह्या घरचं पाणी पेत नाई."

मी हे बोलली. खरंच आहे ते, खोटं कायले लिहू.

सलीमा उभी राहिली. "म्हनूनच तिले भाकरी थापायले ठेवली. भांडेबी नवे आणले, मटणाचं एकबी नाई त्याच्यात. कोणाले नाक मुरडायले जागा नको. झालं तुह्यं? जाय आता. मले वांगे भाजून पायचे हाय."

"जातेच. मले काय तुह्या चुलीची राखण कराची हाय?"

शकूर आतून म्हणे, "भामाबाई, चहा तरी घ्या."

मी म्हटलं, विका तो, पैसे येतीन.

सलीमानं मले अगोदर काऊन नाही सांगितलं? सगळ्या गावात तोंडावर खरं बोलणारी मी एकटी. बाकीच्या सगळ्या गोडबोल्या. त्याइले विचारते आन मले नाही. मी काय तिचं वाईट सांगितलं असतं?

३ डिसेंबर, रविवार

घरचे माणूस रात्री जेवले नाहीत. म्हणे, भूक नाही. उकंडराव आन भूक नाही! जवळ गेली तर ठेच्याचा वास.

"कोठं गेले होते?"

"फाट्यावर. उद्घाटन होतं तिचं. सारं गाव होतं."

"मंग तिथंच झोपाचं."

"भामा, भरीत लय..."

मी म्हटलं, पुढचा शब्द काढला तर उद्या चूल पेटणार नाही. ते वळले आन झोपले. पाच मिनिटात घोरायले लागले, पोट भरलेल्या माणसासारखे. अनुपमा स्वयंपाकघरात तोंडाले पदर लावून हसत होती. म्हणजे तीबी गेली होती.

१३ डिसेंबर, बुधवार

अर्जुनराव म्हणे, उलंगवाडी करतो. म्हणजे पऱ्हाटी संपली, आता काही वेचायचं नाही. दरवर्षी होळीपर्यंत चालते, यंदा थंडीतच. आख्ख्या हिरव्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर घालणार आहे. मी विचारलं, आन आमचा शेवटचा जेवणाचा करार? तो म्हणे, "ते देतो. माहा शब्द हाय. रविवारी न्या बायाइले."

असा माणूस भांडायलेबी बरा लागत नाही. मी निघून आली.

बायाइनं एकसुरात सांगितलं, सलीमाच्या हॉटेलात जाऊ. मी म्हटलं, नियम काय आहे? नवी जागा. अन्नपूर्णी म्हणे, "नवीच हाय की." मी म्हटलं, तू तिथं रोज भाकरी थापते, तुले जुनी आहे. चिखलीच्या रस्त्याले गार्डन हॉटेल निघालं, कारंजं आहे, तिथं जाऊ. तानुबाई म्हणे, "कारंजं खाशीन का?"

१७ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

गाडीत मी पुढं. मागं बाया हळूहळू बोलत होत्या, मी वळली की गप. फाटा आला. दुरून टीन दिसलं. दारात झेंडूची माळ. मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या एका ओळीत मांडलेल्या, आमच्या एवढ्याच. पाण्याचा ड्रम, त्याच्यावर धुतलेले ग्लास पालथे. सलीमा रस्त्याच्या कडेले उभी. नवी ओढणी घेतलेली. गाडी पाहून तिनं हात वर केला, पीठ लागलेला.

मले कोणी सांगितलं नव्हतं की तिनं आमचा स्वयंपाक केला. खरं म्हणजे सकाळी तानुबाई सांगायले आली होती. मी म्हटलं, मले विचारून केला का?

शकूरनं गाडी हळू केली.

मी म्हटलं, "थांबू नको."

"भामाबाई, बायको उभी हाय माही."

"अर्जुनरावनं पुढच्या हॉटेलात सांगून ठेवलं. चाल."

अर्जुनरावनं कुठं काही सांगितलं नव्हतं. शकूरनं माह्याकडं पाह्यलं. त्याले समजलं. मागून अन्नपूर्णी ओरडली, "थांबव ना वं! तिनं पहाटपासून..."

"गाडी कोणासाठी लावली? कोण ठरवते?" मी म्हटलं. "चाल, शकूर."

त्यानं गिअर टाकला. मी त्या बाजूच्या खिडकीत होती. मी समोर पाह्यलं. रस्ता चांगला केला आहे तिकडं, गड्डे नाहीत.

गार्डन हॉटेलात कारंजं बंद होतं. दुरुस्तीले आहे म्हणे. पनीर आणलं, रबरासारखं. पोळी चांगली होती. नाही, पोळी चांगली होती म्हणून लिहून राह्यली, पण मी एकच घास खाल्ला. दाढ दुखत असन. बायाइनं खाल्लं, पण ताटाकडं पाहून, एकमेकींशी न बोलता, जसं कोणाच्या तेराव्या दिवसाले जेवतात. अन्नपूर्णीनं ताटाले हात लावला नाही. मी म्हटलं, "फुकटचं हाय, खाय." ती म्हणे, "तुले खायाचं तर खाय. मले घरी ने."

शकूर आत आलाच नाही. गाडीत बसून राहिला.

येताना फाट्यावर अंधार पडत होता. खुर्च्या उचललेल्या. बायाइले उतरवून शकूर मले म्हणे, "तिले मी सांगतो ब्रेक लागला नाही म्हनून. तुमचं नाव नाई घेत." आन गाडी घेऊन गेला.

मी त्याले हे सांगायले म्हटलं नव्हतं.

१८ डिसेंबर, सोमवार

आज काम नाही. सकाळपासून ट्रॅक्टरचा आवाज, अर्जुनरावच्या वावरातून. दोन वेळा अनुपमाशी भांडली, एकदा उकंडरावशी, एकदा शेजारच्या कुत्र्याशी. मग चप्पल घातली आन फाट्यावर चालत गेली.

दुपार होती. दोन ट्रकवाले जेवत होते. अन्नपूर्णीनं मले पाह्यलं आन पाठ केली. सलीमा मात्र हसली. "ये. बस. काल शकूरच्या मेल्या ब्रेकनं माहं तोंड काळं केलं. एवढं केलेलं, सगळं ट्रकवाल्याइले आन रस्त्यावर गिट्टी टाकणाऱ्या मजुराइले वाटलं. तुले ते हॉटेल कसं लागलं?"

"बेकार."

"बस, वाढते तुले."

ताट आणलं. भाकर, भरीत, मिरचीचा ठेचा, कांदा फोडलेला. मी खुर्चीवर बसली होती आन ती वाढत होती. तिनं विचारलं, "आणखी काय पायजे?" मी भाकरीचा तुकडा मोडला आन ताटातच ठेवला. मी सगळ्या जगाले तोंडावर बोलते. अर्जुनरावले, ढाब्याच्या मालकाले, जावेले, सरपंचाले. तिथं माह्यं तोंड उघडेना. अन्नपूर्णी भाकर थापत होती, पण हात थांबलेला, कान इकडं.

शेवटी मी म्हटलं, "ब्रेक चांगला होता."

सलीमा कांदा फोडत होती. तिनं वर नाही पाह्यलं. "मले माहीत हाय."

"शकूरनं सांगितलं?"

"तो कायले सांगते. तो रात्रभर ब्रेकच ब्रेक करत होता. मी तुह्यं तोंड पाह्यलं ना खिडकीत. तू रस्त्याकडं पाहून राह्यली होती. इतक्या वर्षांत माह्या समोरून जाताना तू असं रस्त्याकडं कधी पाह्यलं?"

"मंग आत्ता काऊन हसली?"

"तू सांगते का नाई ते पायले." मग ती उभी राहिली आन कमरेवर हात ठेवले. "काल तुह्या नावानं पहिलं ताट काढून ठेवलं होतं. गाडी गेल्यावर ते मी गिट्टीवाल्याले दिलं. आता जेव. भाकर थंडी होऊन राह्यली."

मी जेवली. पूर्ण ताट. ट्रकवाले उठून गेले. हात धुतल्यावर मी पदराची गाठ सोडली आन पैसे पुढं केले. मले वाटलं, ती माह्या हातावर मारून परत करीन. तिच्या घरी मी किती वेळा जेवली, ईदेले, बाळंतपणात, माह्या घरी चूल पेटली नव्हती तेव्हा. कधी पैशाचं नाव नाही.

तिनं पैसे घेतले. डब्यात टाकले. उरलेले मोजून परत दिले.

मी रस्त्यावर आली आन तिथून ओरडली, "ठेच्याची मिरची जाळली तुनं!"

ती आतून ओरडली, "मंग उद्या येऊन दाखव, कशी भाजा लागते ते! सकाळी ये. फुकट खाऊन बोलाचे दिवस गेले तुह्ये!"

"मी कायले येऊ? मी काय तुही नोकर हाय?"

"नको येऊ!"

अन्नपूर्णी फिदीफिदी हसली. तिले तर मी पाहूनच घेईन.

मिरची जळली नव्हती. अनुपमाले सांगितलं, उद्या माही भाकर टाकू नको.